वेळेवर बोलण्याची सोय

वाकडच्या पश्चिमेला हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि पूर्वेला चिंचवड, पिंपरी, भोसरीचे कारखाने. मधून मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो. रोज सकाळी इथून दोन्ही दिशांना माणसे कामावर निघतात. एकीकडे सॉफ्टवेअर, ॲनिमेशन, गेम, जाहिराती, गाड्यांची संगणकावरची डिझाइन. दुसरीकडे प्रेस शॉप, पेंट शॉप, असेंब्ली लाइन. पगार, कपडे, कॅन्टीन, बोलण्याची पद्धत, सगळेच निराळे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. शेकडो माणसे मिळून एकच वस्तू घडवत असतात, आणि ती वस्तू कुठेतरी बिघडते आहे हे त्यांच्यातल्या कुणाला तरी फार आधी कळलेले असते.

कळलेली ही गोष्ट ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापर्यंत वेळेत पोचते का, हा खरा प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी त्यावर चाळीसेक वर्षांपूर्वी काम सुरू केले. ते पूर्णत्वाला गेले असे नाही, पण हाताशी बरेच काही लागले. महामार्गाच्या पलीकडच्या ऑफिसांनी त्यातले फार थोडे उचलले आहे, असे आमचे मत आहे.

एखाद्या ऑफिसातला गुरुवारचा रिव्ह्यू डोळ्यांसमोर आणा. चाळीस माणसांची टीम, निम्मी खोलीत, निम्मी कॉलवर. पडद्यावर नव्या ॲपचे डिझाइन आहे. ॲप माल पोचवणाऱ्या मुलांसाठी आहे. फिकट करड्या रंगातली नाजूक अक्षरे, भरपूर मोकळी जागा, दिसायला देखणे काम. टेस्टिंगमधला एक मुलगा रोज चिखलीहून दुचाकीने येतो. भर उन्हात, हेल्मेट घालून, एका हाताने फोन धरला तर ही अक्षरे दिसणार नाहीत, हे त्याला पाहताक्षणी समजते. तो काही बोलत नाही. त्याच्या आधी प्रोजेक्ट मॅनेजर ‘छान झाले आहे’ म्हणून मोकळे झालेले असतात. काही शंका आहे का, असे विचारले जाते, तीन-चार सेकंद शांतता होते आणि बैठक संपते. अर्ध्या तासाने खाली चहा घेताना तो मुलगा हीच गोष्ट शेजारच्या दोघांना नीट समजावून सांगतो. दोघांनाही ती पटते. ॲप बाजारात आल्यावर दोन महिन्यांनी तीच तक्रार ग्राहकाकडून येते आणि मग तीन शनिवार-रविवार सगळी टीम कामाला जुंपली जाते.

या प्रसंगात कुणी आळशी नाही, कुणी दुष्ट नाही. मॅनेजरांनी प्रश्न विचारला होता. मुलाला उत्तर ठाऊक होते. कमी होती ती दोघांच्या मधल्या रस्त्याची.

छोट्या टीममध्ये हा रस्ता आपोआप असतो. पाच माणसे एका टेबलाभोवती बसली की कोण कुरकुरते आहे, कुणाचा चेहरा पडला आहे, सगळे दिसते. पाच जणांत दोघादोघांच्या जोड्या दहाच होतात. माणसे चाळीस झाली की जोड्या ७८० होतात आणि दीडशे झाली की ११,१७५. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली हा हिशेब मांडला आणि उशिरा चाललेल्या कामावर आणखी माणसे लावली की ते आणखी उशिरा होते, असा इशारा दिला. पन्नास वर्षांनंतरही ऑफिसांमध्ये हा इशारा सांगितला जातो आणि विसरलाही जातो. मोठ्या टीममध्ये प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलणे अशक्यच असते. म्हणून मते पदांच्या पायऱ्या चढत वर जाऊ लागतात, आणि प्रत्येक पायरीवर त्यांची धार थोडी बोथट होते. ‘अक्षरे दिसत नाहीत’ याचे ‘वाचनीयतेवर थोडा विचार करता येईल’ होते, त्याचे पुढे ‘एक-दोन किरकोळ सूचना आहेत’ होते, आणि सर्वात वरच्या माणसाला सगळे ठीक असल्याचे कळते.

उशिरा पोचलेल्या मताची किंमत काय असते, याचे एक मोठे आणि जाहीर उदाहरण पुण्याने पाहिले आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ विकत घेतला. पुढे ‘जस्ट डान्स’सारख्या गेमवर तिथे काम झाले. मग २००३ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती करण्याची जबाबदारी पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आली. एवढ्या मोठ्या नावाची धुरा भारतातल्या स्टुडिओंकडे येणे ही इथल्या गेम उद्योगासाठी अभिमानाची गोष्ट होती. १० सप्टेंबर २०२० रोजी गेम जाहीर झाला, ट्रेलर आला, आणि जगभरच्या खेळाडूंनी त्यातल्या चित्रणावर कडक टीका केली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली. फेब्रुवारीत ती बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये हे काम मूळ गेम बनवणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आले.

त्या वेळी बऱ्याच लोकांनी सगळा दोष इथल्या कलाकारांच्या माथी मारला. हा न्याय आम्हाला पटत नाही. ट्रेलर कंपनीने स्वतः दाखवला होता. कोणत्याही मोठ्या कंपनीत असा ट्रेलर बाहेर पडण्याआधी अनेक टेबलांवरून फिरतो आणि अनेकांची मंजुरी घेतो. प्रेक्षकांना पहिल्या मिनिटात खटकलेली गोष्ट तो आधी पाहणाऱ्यांपैकी एकालाही खटकली नसेल, हे मानणे अवघड आहे. असे मत आत, सहा महिने आधी, मोकळेपणाने मांडले गेले तर ते कामाचा भाग ठरते. तेच बाहेर, लाखो लोकांसमोर मांडले गेले की शेकडो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर शिक्का बसतो. दोन्ही वेळी शब्द कदाचित तेच असतील. त्यांचा परिणाम ठरवते ती वेळ.

चित्रपटसृष्टीतही हेच दिसते. पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ची कथा उभी राहत नाही हे कबूल व्हायला इतका वेळ गेला, की १९९९ च्या प्रदर्शनासाठी चित्रपट जवळजवळ नव्याने करायला नऊच महिने उरले. तो उत्तम झाला आणि गाजला. पण त्या नऊ महिन्यांत एक तृतीयांश कर्मचाऱ्यांना सततच्या कामाने हात-मनगटांचे दुखणे जडले, असे कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवले. उशिरा सांगितलेल्या सत्याचा भार शेवटी माणसांच्या शरीरावर येतो. हिंजवडी-वाकडच्या रात्रपाळ्या करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच पिक्सारमध्ये ‘ब्रेनट्रस्ट’ नावाची पद्धत रुळली. चित्रपट अर्धवट असतानाच, हाताने काढलेल्या कच्च्या चित्रांच्या अवस्थेत, दर काही महिन्यांनी तो अनुभवी दिग्दर्शक-लेखकांना दाखवायचा. त्यांनी काय जमले नाही ते स्पष्ट सांगायचे. मात्र त्यांचे मत दिग्दर्शकावर बंधनकारक नसायचे. या शेवटच्या नियमात सगळे मर्म आहे. ऐकलेले प्रत्येक मत हुकूम ठरणार नाही याची खात्री असली की ऐकणारा ढाल पुढे करत नाही. आपल्या शब्दाने कुणाचे काम मोडणार नाही हे ठाऊक असले की सांगणाराही आडपडदा ठेवत नाही.

आता महामार्ग ओलांडून पूर्वेकडे येऊ.

जपानमध्ये १९६२ च्या सुमारास काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने ‘क्वालिटी सर्कल’ सुरू झाली. भारतात ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या भेल कारखान्यात आली, १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिची पुणे शाखा भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात रुजली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत दोन पिढ्यांच्या कामगारांनी या सर्कलमध्ये भाग घेतला आहे. अनेक घरांच्या भिंतींवर त्याची प्रशस्तिपत्रे अजून लावलेली दिसतील.

सर्कलची रचना पाहण्यासारखी आहे. एकाच ठिकाणी, एकाच प्रकारचे काम करणारे सहा ते दहा जण स्वेच्छेने एकत्र येतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, साधारण तासभर बसतात. आपल्याच कामातली एक अडचण निवडतात. समजा, पेंट शॉपमधून येणाऱ्या दारांवर बारीक पुटकुळ्या दिसत आहेत. पहिल्या बैठकीत उपाय सुचवायला मनाई असते. आधी मोजायचे. कोणत्या शिफ्टला किती दारे परत आली, कोणत्या बाजूला, कोणत्या रंगात. त्याचा तक्ता मशीनजवळच्या बोर्डावर लागतो. मग माशाच्या काट्यासारखी आकृती काढून संभाव्य कारणे लिहायची: यंत्र, माल, पद्धत, माणूस, हवा. ‘माणूस’ हे त्यातले एकच कारण असते आणि तिथेही कुणाचे नाव लिहिले जात नाही. प्रत्येक कारणाला पुन्हा पुन्हा ‘का’ विचारत खाली जायचे. शेवटी कळते की हवेच्या नळीतला फिल्टर बदलण्याचा दिवस आणि आर्द्रता वाढण्याचे दिवस जुळत नाहीत. उपाय करून बघायचा, पुन्हा मोजायचे आणि सगळे व्यवस्थापनासमोर मांडायचे. मांडणी कामगार स्वतः करतात, बहुतेक वेळा मराठीत. व्यवस्थापनाला हो किंवा नाही सांगावे लागते, आणि नाही असेल तर कारण द्यावे लागते.

यातल्या तीन गोष्टी ऑफिसांनी जशाच्या तशा घ्याव्यात अशा आहेत. बोट दोषाकडे असते, माणसाकडे नसते. बोलण्याआधी मोजलेले असते, त्यामुळे आवाज कुणाचा मोठा यावर निकाल लागत नाही. आणि सांगितलेल्याला उत्तर मिळते. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. सूचनापेटी प्रत्येक ऑफिसात असते, आता ती डिजिटलही झाली आहे. पण टाकलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे कळत नसेल तर माणूस दुसऱ्यांदा चिठ्ठी टाकत नाही. नकार माणसे पचवतात, अनुत्तरित राहणे पचवत नाहीत.

अनेक असेंब्ली लाइनवर याहूनही थेट सोय असते. टोयोटाच्या पद्धतीतून आलेली ‘अँडन’ची दोरी किंवा बटण. आपल्या स्टेशनवर दोष दिसला की कामगाराने ते ओढायचे किंवा दाबायचे, दिवा लागतो, मदतीला माणूस येतो आणि वेळेत सुटले नाही तर लाइन थांबते. एक मिनिट थांबलेल्या लाइनचे नुकसान मोठे असते, तरीही हा अधिकार लाइनवरच्या सर्वात कनिष्ठ माणसाच्या हातात दिलेला असतो. गुरुवारच्या रिव्ह्यूतल्या त्या मुलाकडे असे कोणते बटण होते?

कारखान्यांचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. बऱ्याच ठिकाणी सर्कल स्पर्धेपुरती उरली. आधी उपाय ठरवून नंतर तक्ते रंगवणे, अधिवेशनासाठी सादरीकरण घासूनपुसून घेणे, प्रशस्तिपत्र मिळाले की विषय मिटवणे, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याहून गंभीर बाब कंत्राटी कामगारांची आहे. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्यांत कंत्राटी आणि शिकाऊ मुलांचा वाटा मोठा आहे. आज या कारखान्यात, सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या. सुटा भाग दिवसभर ज्यांच्या हातातून जातो त्यांनाच सर्कलमध्ये जागा नसेल तर सर्कलच्या तक्त्यात निम्मे सत्य येणार. ऑफिसांतही हेच चालते. व्हेंडरकडून आलेला डिझायनर, तीन महिन्यांसाठी घेतलेली लेखिका, इंटर्न, यांना रिव्ह्यूला बोलावलेच जात नाही. बाहेरच्या ताज्या नजरेने काम पाहू शकणारी माणसे नेमकी हीच असतात.

याच पट्ट्यात ताजी नजर शोधायला कंपनी स्वतः बाहेर पडली, असेही घडले आहे. टाटा मोटर्सच्या इंडिकाचे आराखडे पुण्यातल्या अभियंत्यांनी इटलीतल्या तुरिनच्या आयडिया या संस्थेच्या साहाय्याने केले होते. डिसेंबर १९९८ मध्ये ती बाजारात आली, मागणी प्रचंड होती आणि मग तक्रारीही आल्या. त्या तक्रारी कंपनीने मनावर घेतल्या, गाडी पुन्हा टेबलावर घेतली आणि २००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही-टू आणली. पुढच्या प्रकल्पात हा धडा आधीच वापरला गेला. मे २००५ मध्ये आलेल्या, लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून स्वीकारलेल्या टाटा एस या छोट्या मालवाहू गाडीच्या वेळी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने डिझाइन पक्के होण्याआधी तीनचाकी मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांशी बोलून घेतले. ज्या गोष्टी अभियंत्याच्या तक्त्यात नव्हत्या त्या तिथे कळल्या. चार चाके असली की गावात मान मिळतो, ही त्यातली एक. मान ही गोष्ट कुठल्याही मापनयंत्रात येत नाही, पण ती त्या गाडीच्या यशाचा भाग होती. इंडिकाला प्रतिक्रिया विक्रीनंतर मिळाली, एसला विक्रीआधी. सात वर्षांत एका मोठ्या संस्थेने केलेला हा बदल इथल्या प्रत्येक डिझाइन स्टुडिओने अभ्यासावा असा आहे.

सर्जनशील कामाचा प्रश्न येतो तेव्हा काही जण म्हणतात की दाराच्या रंगाला लागू पडणारे नियम कथेला, चित्राला, संगीताला लागू पडत नाहीत. पुटकुळ्या मोजता येतात. प्रसंग रटाळ झाला हे कसे मोजणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मराठी रंगभूमीच्या तालमीत मिळते.

नाटकाच्या तालमीत रनथ्रू संपला की सगळे रंगमंचावर गोल करून बसतात आणि दिग्दर्शक वहीतून नोट्स देतो. दुसऱ्या अंकातली ती एंट्री अर्ध्या वाक्याने उशिरा आली. तू संवाद प्रेक्षकांना सांगतोस, तिला सांग. प्रकाश बदलला तेव्हा तू अंधारात उभा होतास. एकेक नोट एका क्षणापुरती, एका कृतीपुरती. ‘तू कमजोर नट आहेस’ ही नोट होत नाही; चांगला दिग्दर्शक ती कधी देत नाही. आणि नोट मिळालेल्या नटाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तालीम असते, म्हणजे ती वापरून बघायची संधी चोवीस तासांत मिळते. कलेतला दोष मोजता येत नसला तरी नेमका दाखवता येतो, आणि लगेच दुरुस्त करून बघता येतो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे लेखन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन आणि रंगमंचावर सतत हलणारी, गाणारी, नाचणारी माणसांची भिंत. त्या भिंतीत उभ्या असलेल्या कुणालाही संपूर्ण चित्र दिसणे शक्य नव्हते. ते दिसत होते समोर बसलेल्या दिग्दर्शक जब्बार पटेलांना. प्रतिभावंत अनेक होते, पण प्रयोग तुकड्यातुकड्यांचा झाला नाही, कारण कुणाचे म्हणणे ऐकायचे आणि शेवटी कोण ठरवणार याबद्दल संदिग्धता नव्हती.

ही संदिग्धता असली की काय होते ते एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत कॉलेजांमध्ये दिसते. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि पिंपरी-चिंचवडची मुलेही त्यासाठी रात्र-रात्र तालमी करतात. शेवटच्या आठवड्यात कॉलेजचे माजी विद्यार्थी तालीम बघायला येतात. एक म्हणतो शेवट बदला, दुसरा म्हणतो शेवटच फक्त चांगला आहे, तिसरा मुख्य भूमिकेवर बोलतो. तिघांचेही प्रेम खरे असते. विशीतला दिग्दर्शक मुलगा तिघांनाही हो म्हणतो आणि एकांकिका तीन दिशांना ताणली जाते. ऑफिसात याला क्लायंट, मार्केटिंग आणि प्रॉडक्ट असे तीन चेहरे असतात. मते भरपूर आणि ठरवणारा कुणीच नाही, ही अवस्था मते न मिळण्याइतकीच घातक आहे.

याच स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी कोणताही संघ करंडकाच्या पात्रतेचा नसल्याचा निर्णय दिला आणि त्यावर मोठा वाद झाला. दर्जाबाबत तडजोड न करण्याचा परीक्षकांचा अधिकार आम्ही मानतो. स्पर्धेतला निर्णय असाच शेवटी यायचा. पण रोजच्या कामात असा शेवटचा निर्णय हाच एकमेव अभिप्राय असेल तर तो शिकवत नाही, नुसता लागतो. आपल्या कंपन्यांतले वार्षिक अप्रेझल बहुतेक ठिकाणी असेच आहे. वर्षभर कुणी काही बोलत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये एका अंकात सगळे सांगून टाकले जाते.

अप्रेझल आणि अभिप्राय यांची ही गल्लत आमच्या मते सर्वात नुकसानकारक आहे. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या अनेक दशकांच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आणखी बिघडले होते. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले, आपल्याबद्दल काय बोलले गेले यात मन अडकले, की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. त्याच वर्षी एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगल्या नेतृत्वाखालच्या विभागांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिथली माणसे जास्त चुकत नव्हती, ती लपवत कमी होती. पगारवाढ ठरवणाऱ्याच माणसासमोर आपल्या किंवा मित्राच्या कामातला दोष उघड करायचा असेल तर कुणीही जपूनच बोलेल. पिक्सारच्या ब्रेनट्रस्टला अधिकार नव्हता तो यासाठीच, आणि क्वालिटी सर्कलच्या आकृतीवर नाव नसते तेही यासाठीच.

इथे भाषेचा प्रश्न काढायलाच हवा, कारण वाकडच्या ऑफिसांत तो रोजचा आहे आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही. लातूर, अकोला, धुळे, कराडहून आलेली मुले इथे कोडिंग, डिझाइन, ॲनिमेशन करतात. त्यांच्या शेजारी केरळ, आंध्र, उत्तर प्रदेशातून आलेली मुले बसतात. बैठक इंग्रजीत होते, ते स्वाभाविक आहे. पण कामाचे इंग्रजी येणे आणि मतभेद सभ्यपणे, पटकन, सगळ्यांसमोर इंग्रजीत मांडता येणे यांत मोठे अंतर आहे. ‘हे जमलेले नाही’ असे म्हणताना मराठीत आपण आवाज खाली आणतो, ‘मला काय वाटतं’ अशी सुरुवात करतो, ‘बघा हं, पटलं तर’ जोडतो. परक्या भाषेत ही सगळी आयुधे नसतात. मग वाक्य एक तर उद्धट होते किंवा होतच नाही. घरात आणि शाळेत वडीलधाऱ्यांपुढे उलट न बोलण्याचे वळणही असतेच. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात म्हणून ते वळण पुसले गेले असे समजू नये. परिणामी ज्यांचे इंग्रजी सफाईदार आहे त्यांचे मत टीमचे मत ठरते. हा अन्याय आहे, आणि कामाचेही नुकसान आहे.

त्यावर उपाय अवघड नाही. बैठकीच्या आधी काम सगळ्यांना पाठवावे आणि प्रत्येकाने दोन-तीन ओळींत लिहून मत द्यावे, हव्या त्या भाषेत. लिहायला वेळ मिळाला की बुजरा माणूसही नेमके लिहितो. बैठकीत सर्वात कनिष्ठ माणसाने आधी बोलावे आणि मॅनेजरांनी सर्वात शेवटी. वरिष्ठांनी आधी ‘छान’ म्हटल्यावर पुढची सगळी मते त्या एका शब्दाभोवती फिरतात, हे आपण वर पाहिले. अभिप्राय देण्याची नवनवी ॲप्स विकत घेण्याविषयी आम्हाला फारसे काही सांगायचे नाही. ती वापरावीत, पण बोलण्याचा क्रम आणि उत्तर देण्याची सवय त्यांच्यातून येत नाही.

मोठ्या टीमचे प्रमुख यावर म्हणतील की आम्हाला वेळ नाही, क्लायंटची डेडलाइन आहे, अर्धवट काम दाखवले तर प्रतिमा जाते. अर्धवट काम दाखवण्याची ही लाज सोडावी लागेल. कच्च्या अवस्थेत पाच माणसांना दाखवलेले काम बदलायला एक दिवस लागतो, पक्के झालेले बदलायला महिना. दीडशेच्या टीमला एकाच खोलीत बोलायला लावण्यापेक्षा सर्कलप्रमाणे आठ-दहा जणांचे गट करावेत, प्रत्येक गटात एक जण दुसऱ्या विभागातला आणि एक जण कंत्राटी किंवा नवा असावा. प्रत्येक कामासाठी शेवटचा निर्णय कुणाचा, ते नाव पहिल्याच दिवशी जाहीर असावे. आलेल्या प्रत्येक सूचनेसमोर घेतली, घेतली नाही, आणि का, हे आठवडाभरात लिहिले जावे. आणि या बैठकांत बोललेला एकही शब्द अप्रेझलच्या फायलीत जाणार नाही, हे कंपनीने लेखी द्यावे.

वाकड-हिंजवडीच्या स्टुडिओप्रमुखांना आणि टीम लीडना आमची विनंती आहे की त्यांनी भोसरी किंवा आकुर्डीतल्या एखाद्या कारखान्याची परवानगी काढून एका क्वालिटी सर्कलच्या साध्या आठवडी बैठकीला तासभर मागच्या बाकावर बसावे. स्पर्धेतले सादरीकरण बघू नये, बैठक बघावी. जाताना सोबत टीममधला सर्वात नवा मुलगा किंवा मुलगी घेऊन जावी, आणि परत येताना काय वाटले हे आधी त्यांना विचारावे.